दुसऱ्याच्या मापाचा बोर्ड

मी बर्फावर घसरणारा बोर्ड आहे आणि कुवेतमधून बोलतोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण या घरात येणारा प्रत्येक पाहुणा हसतो. बाहेर पन्नास डिग्री ऊन, आणि सालमियातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या मागे मी उभा. कोणी मला इस्त्रीचं टेबल समजतं. विमानतळावरचा कस्टमवाला दरवर्षी माझी बॅग उघडायला लावतो आणि समुद्रासाठी का, असं विचारतो. माझा मालक चंद्रहास दरवर्षी 'थल्ज' म्हणतो, म्हणजे बर्फ, आणि तो दरवर्षी तितकाच चकित होतो. मला या सगळ्याचा आता खरंच वीट आलाय.

माझा जन्म ऑस्ट्रियातल्या एका छोट्या कारखान्यातला. लाकडाच्या पट्ट्या, त्यांच्या वर-खाली काचतंतूंचे थर, दोन्ही बाजूंना पोलादी कडा, आणि मग तापलेल्या प्रेसखाली दाबून मला आकार दिला. मी एकशे अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर लांब आणि कमरेत जेमतेम वीतभर रुंद. उड्या मारणं, कोलांट्या घेणं हे माझं काम नाही. माझं काम कार्व्हिंग. टणक बूट घालायचे, ते माझ्यावर स्क्रूने बसवलेल्या बाइंडिंगच्या पोलादी कड्यांत अडकवायचे, दोन्ही पाय तिरके, जवळजवळ पुढे तोंड करून ठेवायचे, आणि उतारावर अंग कलवून माझ्या कडेवर उभं राहायचं. वजनाखाली मी धनुष्यासारखा वाकतो आणि बर्फात पेन्सिलीने काढावी तशी बारीक रेघ उमटते.

पण त्यासाठी मी वाकलो पाहिजे. मला बनवणाऱ्याने माझ्या शेपटाजवळ स्वच्छ छापलं होतं की हा बोर्ड ऐंशी ते पंच्याण्णव किलोच्या माणसासाठी आहे. चंद्रहासने पहिल्याच आठवड्यात त्यावर नाशिकच्या कुठल्याशा ट्रेकिंग ग्रुपचं स्टिकर चिकटवलं.

चंद्रहास मूळ नाशिकचा, पेट्रोकेमिकलमधला इंजिनिअर. कामानिमित्त दोन वर्षं ऑस्ट्रियात होता, तिथे तो हे शिकला आणि तिथेच त्याने मला घेतलं. वजन नव्वद, बूट दहा नंबरचा, डावा पाय पुढे. आमचं झकास जमलं, ते मी नाकारणार नाही. बाइंडिंगचा कोन साठ ठेवू की बासष्ट, दोन पायांतलं अंतर एक सेंटिमीटर वाढवू का, मागच्या टाचेखाली पाचर घालू का, हे सगळं तो एक्सेलमध्ये लिहून ठेवायचा. माझे स्क्रू त्याने इतक्या वेळा काढले-बसवले की त्यातल्या एकाचे आटे गेले. तरी मी काही बोललो नाही.

कुवेतला आल्यावर वर्षातले पाच दिवस माझे. फेब्रुवारीत राष्ट्रीय दिवसाच्या सुट्ट्या लागल्या की सगळे जॉर्जियात गुदौरीला जायचे. उरलेले तीनशे साठ दिवस एसीची घरघर आणि धूळ. एकदा तर खैरानच्या शालेवर, म्हणजे समुद्रकाठच्या सुट्टीच्या बंगल्यावर, मोरेश्वर नावाच्या मित्राने मला जेट स्कीमागे बांधून समुद्रात ओढलं. माझ्या पोलादी कडांना मीठ लागलं, गंज चढला, आणि तो घासून काढायला चंद्रहासला दोन शुक्रवार लागले. मोरेश्वर अजून तो किस्सा मजेने सांगतो.

मग चंद्रहासच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला बर्फ बंद केला. खरी गोष्ट इथून सुरू होते.

सुहासिनी त्याची बायको. शुऐबाच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट. वय पन्नाशीला आलेलं, वजन पंचावन्न, बूट चार नंबरचा. ती इतकी वर्षं उताराच्या कडेला थर्मास घेऊन उभी असायची. ऑपरेशनआधीच्या गुदौरीतल्या शेवटच्या दिवशी ती चालत आली, मी काढलेल्या रेघेपाशी वाकली, हातमोजा काढला आणि त्या रेघेत बोट घालून बघितलं. मग चंद्रहासला म्हणाली, "मला हे करायचंय."

तो फार खूश झाला. माणूस मनाने मोठा आहे. म्हणाला, नवीन कशाला घ्यायचा, फर्स्ट क्लास बोर्ड घरात पडलाय. तिच्या मापाचे टणक बूट तेवढे आणले, बाइंडिंग त्या बुटांपुरतं लहान केलं, आणि बाकी सगळं होतं तसं ठेवलं. तोच कोन, तेच अंतर, तीच पाचर, डावा पाय पुढे.

आता मला सांगा, मी काय करायचं? लांब पावलाच्या माणसाला कोन जास्त लागतो, नाहीतर बोटं कडेबाहेर येऊन बर्फाला घासतात. तिचं पाऊल लहान. त्या कोनात तिची टाच आणि बोटं कडेच्या कितीतरी आत राहायची, तिने दिलेला जोर कडेपर्यंत पोचायचाच नाही. पाय इतके फाकलेले की गुडघे वाकवायला जागा नाही. आणि तिने जीव खाऊन जोर दिला तरी पंचावन्न किलोला मी वाकत नव्हतो. माझ्या मनात असून वाकत नव्हतो. मी फळीसारखा सरळ जायचो, ती घाबरून मागे कलायची, आणि दोघं पडायचो.

खाली उभा राहून चंद्रहास फोनवरून सूचना द्यायचा. गुडघे वाकव, पुढे बघ, घाबरू नकोस. चार वर्षं, दर फेब्रुवारीत, घाबरू नकोस. दुसऱ्या वर्षापासून तो मित्रांना प्रेमाने सांगायला लागला की सुहासिनी थोडी भित्री आहे. तिसऱ्या वर्षी तीच लोकांना सांगायला लागली की मी ना, मुळात भित्रीच आहे. लॅबमध्ये बढतीची मुलाखत आली तेव्हाही तिने हेच कारण दिलं आणि गेली नाही. सोफ्यामागून हे ऐकताना माझ्या लाकडात कळ उठली. ही बाई घाबरत नव्हती. ती माझ्याशी झगडत होती, आणि मी तिचा नव्हतोच.

गेल्या फेब्रुवारीत ती टाचेच्या बाजूने वळताना माकडहाडावर आपटली. दोन दिवस हॉटेलच्या खोलीत पालथी पडून होती. कॉलेजात जाणारी मुक्ता म्हणाली, "आई, यू डोन्ट हॅव टू प्रूव्ह एनीथिंग." सुहासिनीने उशीतूनच सांगितलं की पुढच्या वर्षी मी येणार नाही. चंद्रहासने मला पुसून बॅगेत भरलं.

कुवेतला परतल्यावर तिच्या पाठीसाठी झुलेखा यायला लागली. झुलेखा आमच्याच बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर राहते. मूळ श्रीवर्धनची, इथल्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट. क्लिनिकहून आली की संध्याकाळी अर्धा तास सुहासिनीकडून व्यायाम करून घ्यायची. पाठ सुधारल्यावर तोल सावरायचे व्यायाम सुरू झाले. सतरंजीवर डोळे मिटून उभं राहायचं आणि झुलेखा मागून हलकेच ढकलायची.

तीनदा ढकलून ती थांबली. अजून दोनदा ढकललं. मग तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, ह्याच्यावर कुठला पाय पुढे ठेवता?"

"डावा."

"का?"

"चंद्रहासचा डावा असतो."

"तुमचा उजवा आहे. पाचही वेळा उजवाच पुढे आला. मला ह्या खेळातलं काही कळत नाही, पण पडताना माणूस जो पाय पुढे टाकतो तो त्याचा असतो."

झुलेखा गेली. सुहासिनी सतरंजीवरच बसून राहिली. चार वर्षं मी जे सांगू शकत नव्हतो ते बर्फ न पाहिलेल्या एका बाईने पाच धक्क्यांत सांगितलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला रागच आला, माझ्या तोंड नसण्याचा.

चंद्रहास घरी आल्यावर तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला की इतक्या प्रॅक्टिसनंतर पाय बदलला तर सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल, शिवाय सेटिंग चांगलं आहे, त्याच्याकडे दहा वर्षांचा डेटा आहे. आणि त्याने लॅपटॉप उघडून ती शीट तिच्यासमोर धरली.

तिने चष्मा लावून ती शीट वरपासून खालपर्यंत वाचली. "यात माझं वजन कुठल्या रकान्यात आहे?"

तो शोधायला लागला. अगदी प्रामाणिकपणे शोधायला लागला. तिचं वजन कुठेच नव्हतं. पायाचं माप नव्हतं. दहा वर्षांच्या नोंदी होत्या, पण सगळ्या माझ्या आणि त्याच्या.

मग तिने बाइंडिंग काढायला लावलं, दोन बुटके स्टूल मांडले, माझं नाक एकावर आणि शेपूट दुसऱ्यावर ठेवलं, आणि स्वतः मधोमध उभी राहिली. लॅबमधली बाई आहे, मोजल्याशिवाय बोलत नाही. चंद्रहासने फूटपट्टी धरली. मी अडीच सेंटिमीटर वाकलो. मग तिने त्याला उभं राहायला सांगितलं. चार सेंटिमीटरच्या वर गेलो. त्या स्टिकरखालचा आकडा वाचला असता तरी भागलं असतं, पण असो.

चंद्रहास खाली उतरला आणि सोफ्यावर बसला. म्हणाला, "तू मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी म्हणाले होते, हा बोर्ड माझ्याने वाकत नाही. तू म्हणालास, बोर्डाला दोष द्यायचा नसतो."

त्याने मान खाली घातली. त्याला ते आठवत होतं, हे दिसत होतं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. ती आत जाऊन चहा ठेवायला लागली, आणि तो मला स्टुलांवरून उचलून भिंतीला टेकवताना पहिल्यांदाच माझ्याकडे असं बघत होता, जसं काही माझीच चूक आहे. हेही मी सोसलं.

त्या उन्हाळ्यात नवा बोर्ड निवडायचं काम तिने स्वतः केलं. आधी बुटाची लांबी मोजली. त्यावरून कमरेची रुंदी ठरवली, म्हणजे साधारण पन्नास-बावन्नच्या कोनात टाच आणि बोटं नेमकी कडेपर्यंत येतील, बाहेर जाणार नाहीत. वजनावरून लवचिकपणा. लांबी माझ्याहून वीस सेंटिमीटर कमी. युरोपातल्या एका बनवणाऱ्याला तिने चार मोठे मेल लिहिले आणि त्याने प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. चंद्रहासला मध्ये मध्ये सुचवायचं असायचं. ती त्याला टेप धरायला सांगायची आणि तो धरायचा. ऑक्टोबरमध्ये बोर्ड आला, तेव्हा तिने बाइंडिंग स्वतःच्या हाताने बसवलं. उजवा पाय पुढे. दोन पायांतलं अंतर जमिनीवर सहज उभी राहून मोजलेलं. एकेक स्क्रू हळू, समोरासमोरचे आळीपाळीने, शेवटी घट्ट. माझ्या आयुष्यात मला कोणी इतक्या नीट हात लावला नव्हता.

या फेब्रुवारीत मी गेलो नाही. पाच दिवस घर बंद. बाहेर धुळीचं वादळ झालं आणि खिडकीच्या फटीतून आलेली माती माझ्यावर बसली.

परत आल्यावर त्यांनी झुलेखाला जेवायला बोलावलं. ती तांदळाचं सांदण करून घेऊन आली. टीव्हीवर व्हिडिओ लावला. चंद्रहासनेच खालून काढलेला. सुहासिनी वरून येताना दिसली, लहानशी, निळ्या जाकिटात. एक वळण, दुसरं, मग टाचेच्या बाजूचं, जिथे ती दरवेळी पडायची. तो बोर्ड वाकला. मला इथून, सोफ्यामागून, नीट दिसलं की तो वाकला. तिच्यामागे रेघ उमटत आली, बारीक. पुढे एकदा ती पडली, उठली, बर्फ झटकला आणि पुन्हा निघाली. पूर्ण व्हिडिओत चंद्रहासचा आवाज कुठेच नव्हता. फक्त वारा.

झुलेखाने विचारलं, आता भीती वाटते का? सुहासिनी म्हणाली, वाटते ना, वेगाची वाटते. आणि ती दोन घास खाऊन पुढे म्हणाली की लॅबमधल्या त्या जागेसाठी पुन्हा अर्ज मागवलेत, या वेळी मी भरलाय.

मला त्या नव्या बोर्डाचा हेवा वाटला. खोटं कशाला बोलू?

आता मला विकायचं ठरलंय. चंद्रहासने जाहिरात टाकली आणि लिहिलं काय, तर 'उत्तम स्थितीत, सर्वांसाठी योग्य'. सर्वांसाठी! वाचून मला चक्कर यायची बाकी होती. दुसऱ्याच दिवशी फहाहीलहून आदिल नावाचा मराठी गृहस्थ आला, पस्तिशीचा, किडकिडीत, पहिल्यांदाच बर्फावर जाणारा. मला हातात धरून तो हरखला. चंद्रहास बॅग आणायला वळला, तेवढ्यात सुहासिनीने आदिलला त्याचं वजन विचारलं.

"साठ असेल, भाभी."

"मग हा तुम्हाला नाही देता येणार."

आदिल हिरमुसला. चालवून घेईन म्हणाला, सवय होईल म्हणाला. तिने त्याला बसवलं, सरबत दिलं, पावलाचं माप घेतलं आणि काय शोधायचं ते एका कागदावर मराठीत लिहून दिलं. तो गेल्यावर चंद्रहास कुरकुरला नाही. त्याने फोन काढून जाहिरातीतली ओळ खोडली.

तेव्हापासून कोणी फिरकलेलं नाही. मी अजून सोफ्यामागेच आहे. तुम्ही ऐंशीच्या वर असाल, पाय लांब असेल, तर सालमियाला या, मी अजून उत्तम वाकतो. तसे नसाल तर मेहरबानी करून माझ्या मोहात पडू नका. आणि तुमच्या घरात कोणी तुमच्याच जुन्या वस्तूवर वर्षानुवर्षं धडपडत असेल, तर त्याला घाबरू नकोस म्हणण्याआधी टेप घेऊन जमिनीवर बसा. मला बोलता येत नाही, पण ते माणूस बहुधा केव्हाच बोललेलं असतं.