शिकाऱ्याची सुरी

"ही सुरी आहे का पहार?" डोंगऱ्यानं सुरी ऐरणीवर आदळली आणि भर सकाळी भांडणाला तोंड फुटलं.

डोंगऱ्या म्हणजे आमच्याकडचा शिकारी. सगळा संसार पाठीवर टाकून तो चार-चार दिवस वरच्या रानात जायचा. लोहारदादाचं आणि माझं घर भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तिथलं भांडण ऐकायला मला अंगण ओलांडावं लागत नाही. तरी मी ओलांडलंच.

"दादा, चढावर पाठीवरचा कांदासुद्धा जड होतो," डोंगऱ्या म्हणाला. "ससा सोलायला एवढं लोखंड कशाला? उद्या दुपारपर्यंत हलकी सुरी द्या, नाहीतर बाजारातली घेतो."

"वजन नाही ती सुरी कसली? त्यापेक्षा कोंबडीचं पीस घेऊन जा की!" दादा गरजला.

गरजला खरा, पण आतून हबकला होता. डोंगऱ्याच्या बापाची सुरी याच भट्टीतली. हे गिऱ्हाईक बाजारात गेलं असतं तर दादाला अन्न गोड लागलं नसतं. डोंगऱ्याची पाठ वळताच त्यानं मुकाट्यानं भट्टी पेटवली.

वहिनी भाता ओढायला बसल्या. दादानं पातं ठोकून ठोकून पातळ केलं, मुठीतल्या पट्टीला भोकं पाडून लोखंड आणखी कमी केलं. लाकडी मुठीऐवजी नुसती दोरी गुंडाळायची ठरली. इथवर झकास. मग जन्मभर कुदळी केलेला हात! लालभडक पातं त्यानं कुदळीसारखंच तेलात आडवं बुडवलं. बाहेर आलं ते केळ्यासारखं वाकून.

"आता हिनं वळणापलीकडचा ससा मारायचा का?" वहिनींना हसू आवरेना. मीही हसलो, आणि दादानं मला घणापाशी उभं केलं.

दुसरं पातं टोक खाली धरून सरळ उतरवलं. ते सरळच निघालं. दोरी गुंडाळून, धार लावून दादानं सुरी तळहातावर घेतली आणि तोंड वाकडं केलं. "हातात काही आहे असं वाटतच नाही!"

त्या घरची एक रीत आहे. नवी सुरी आधी वहिनींच्या स्वयंपाकघरात राबते. वहिनी 'चालेल' म्हणाल्या तरच बाहेर जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगऱ्या हजर झाला तेव्हा दादानं आत हाक मारली, "अगं, ती सुरी आण."

"मिळायची नाही."

"का? मोडली?"

"मोडेल कशाला? चांगली आहे. म्हणूनच मिळायची नाही." वहिनी दारात आल्या, हातात अर्धा चिरलेला भोपळा. "तुमची ती जुनी सुरी चालवून मनगट कामातून गेलंय माझं. काल पहिल्यांदा दुखलं नाही."

"मग कधी बोलली नाहीस?"

"बोलले की! तुम्ही घण घालत होता."

गावभरच्या हातांना हत्यारं घडवणारा माणूस, घरातला हात त्यानं पाहिलाच नव्हता. त्याला वाईट वाटलं ते सगळ्यांना दिसलं.

"दादा, मला पहाटे निघायचंय," डोंगऱ्या कळवळून म्हणाला. "वहिनी, माझ्यावर दया करा."

"दया करते. भाता ओढायला बस. मी काही आता उठत नाही."

मग काय! शिकारी भात्यावर, मी घणावर, दादा ऐरणीशी, आणि वहिनी दारात बसून भोपळा चिरतायत. मध्येच म्हणायच्या, "आणखी पातळ. टोक खाली धरा हं!" आणि दादा निमूट ऐकत होता. दिवेलागणीला सुरी तयार झाली. वहिनींनी तिथल्या तिथं भोपळ्याची फोड कापून पाहिली, 'चालेल' म्हणाल्या, आणि डोंगऱ्या नाचतच घरी गेला.

आठवडाभरात दादाच्या भट्टीपुढे रांग लागली. त्यात शिकारी एकही नव्हता. सगळ्या बायका, आपापल्या घरची जड सुरी घेऊन. "मोडा ही, आणि शिकाऱ्याची द्या!"

रांगेत सगळ्यात पुढे आमची मंडळी होती. मला पाहून म्हणाली, "बघत काय उभे राहिलात? भाता ओढा."