बरं आणि बर्द

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. भिंतीवरची गोल चकती, एवढीच माझी इस्टेट. लादीखालच्या तारा किती तापवायच्या आणि कधी थांबवायच्या, ते मी ठरवतो. बहरीनमध्ये कसली आली थंडी, असं म्हणू नका. जानेवारीत पहाटे वाळवंटात या, मग बोला.

माझं घर वस्तीपासून लांब आहे. विजेचे खांब मागे रस्त्यालाच थांबतात. छतावरच्या सोलर पाट्या आणि चार बॅटऱ्या, त्यावरच सगळा संसार. मालक अहमदबाबा. बायको गेल्यावर ते हिवाळाभर इथेच राहायचे. मुलगा लतीफ बुसैतीन शहरात राहायचा आणि तिथून फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचा. बुसैतीनच्या खोलीत खिडकीतून समोरची भिंत दिसते, इथे सगळं आभाळ दिसतं, म्हणून बाबांना तिकडे जायचं नव्हतं.

त्यांच्याकडे कामाला आला गुहागरचा पांडुरंग. माणूस भला, पण अरबीच्या नावाने शंख. वीज जपून वापर, असं लतीफने त्याला बजावलं होतं. पहिल्याच पहाटे त्याने मला जरा खाली फिरवलं. बाबा नमाज पढून उठले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "बर्द, बर्द." अरबीत बर्द म्हणजे थंडी. पांडुरंगाला ऐकू आलं, "बरं, बरं." पठ्ठ्या खूश झाला! दुसऱ्या दिवशी त्याने मला आणखी खाली फिरवलं. मी काय करणार, मला तोंड कुठे आहे?

तिसऱ्या पहाटे बाबांना सजद्यातून, लादीला टेकलेलं कपाळ उचलून, उठताना गुडघ्यांनी दगा दिला. पांडुरंग धावला. घाईत त्याची चप्पल दाराशीच राहिली आणि पाय उघड्या लादीवर पडला. तेव्हा त्याला बर्द कळलं. बिचारा शरमेने काळवंडला.

मग त्याने मला थेट शेवटच्या आकड्यावर नेलं. जास्त फिरवलं की लवकर तापतं, हा सगळ्यांचाच गैरसमज. तसं होत नाही हो. रात्रभर तारा पेटत्या राहिल्या, पहाटेआधीच बॅटऱ्या खलास झाल्या. लादी पुन्हा गार. लतीफ गाडी घेऊन आला आणि म्हणाला, "आणखी एकदा बॅटरी संपली, की बाबांना घेऊन जाणार." बाबांनी फक्त खिडकीबाहेर पाहिलं. त्या दिवशी मला माझाच राग आला.

संध्याकाळी भाकरी भाजताना पांडुरंग आपल्याशीच पुटपुटला, की आई रात्री चुलीत लाकूड घालायची नाही, दिवसाचाच निखारा राखेखाली झाकून ठेवायची. बस्स. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, पाट्यांवर ऊन आल्यावर त्याने मला वर फिरवलं. बॅटऱ्या भरून उरलेलं ऊन लादीखालच्या जाड सिमेंटमध्ये मुरत गेलं. तीनला मला बंद केलं. दोन रिकाम्या खोल्यांच्या तारा तोडल्या, दारांच्या फटीत चिंध्या कोंबल्या, आणि बाबांच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या. त्यावर स्वतःची गोधडीसुद्धा.

पहाटे त्याने नमाजाच्या जागेवरचं पांघरूण उचललं. बाबांनी कपाळ टेकलं आणि बराच वेळ उचललंच नाही. मग उठून म्हणाले, "बर्द मफी." थंडी नाही.

"बरं?" पांडुरंगाने विचारलं.

"बरं," बाबा म्हणाले. मराठीतला तेवढा एकच शब्द ते शिकले. बॅटऱ्या निम्म्याहून जास्त भरलेल्या होत्या. लतीफने येऊन पाहिलं आणि बाबांना न घेताच परत गेला.

असे तीन हिवाळे गेले. माझ्या आयुष्यातले तेच सुखाचे.

मग एका उन्हाळ्यात बाबा गेले. पांडुरंगाचा व्हिसा संपला. जाताना त्याने गोधडी नेली नाही, मला मात्र फडक्याने पुसलं. त्यानंतर इथे सुट्टी घालवायला माणसं येऊ लागली. खिडक्या उघड्या आणि मी शेवटच्या आकड्यावर. दोन हिवाळ्यांत बॅटऱ्या मेल्या. आता कोणीच येत नाही. दिवसभर छतावर ऊन पडतं आणि वाया जातं, ते बघवत नाही मला.

परवा पहाटे लतीफ एकटाच आला. वडिलांच्या जागेवर उभा राहिला आणि कपाळ टेकलं. लगेच उचललं. "बर्द," तो म्हणाला. ते बरं असं ऐकणारं घरात कोणी नव्हतं.

मित्रांनो, उन्हाची ऊब उन्हातच साठवा, झाकून ठेवा, आणि माझ्यासारख्याला उगाच पिळू नका. घरातलं म्हातारं माणूस काही म्हणालं, तर मान डोलवण्याआधी एवढं करा. चप्पल काढा आणि त्याच्या शेजारी लादीवर उभे राहा.