देवापुरती फुलं

सासूबाईंनी पिऑनीचं दुसरं गुलाबी फूल खुडून प्लास्टिकच्या पिशवीत टाकलं, तेव्हा चारुलता दहा पावलांवर उभी होती.

पुण्यात सकाळी फिरायला निघताना त्यांच्या हातात अशीच पिशवी असायची. कुंपणाबाहेर आलेली जास्वंद देवाची, असा त्यांचा सरळ कायदा. पण हे हॅम्बर्ग होतं. एल्बे नदीकाठच्या या जुन्या बंगल्याची बाग वर्षातून एकच रविवार लोकांना खुली असे, आणि फाटकावर पाटी होती: कशालाही हात लावू नये. पाटी जर्मनमध्ये होती. चारुलताने ती वाचून दाखवली नव्हती.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. त्यात शेजारी फ्राउ ब्रांट! भाड्याने बागेचे तुकडे देणाऱ्या संघाच्या त्या अध्यक्ष. चारुलता तीन वर्षं त्यांच्या यादीत ताटकळत होती, आणि आत्ताच त्या म्हणाल्या होत्या, ऑक्टोबरात तुमचा नंबर लागेल.

"ती बाई तुमच्याबरोबर आहे का?" फ्राउ ब्रांटनी बोट दाखवून विचारलं.

"नाइन," चारुलता म्हणाली. वर 'नाही' अशी मानही हलवली.

सासूबाईंनी मान वर केली. दोन महिन्यांत त्यांना जर्मनमधले 'हो' आणि 'नाही' एवढेच शब्द आले होते.

बंगल्याची म्हातारी मालकीण काठी टेकत त्यांच्यापाशी गेली, पिशवीत डोकावली. सासूबाईंनी डोळे मिटून हात जोडले आणि वर आभाळाकडे बोट केलं. म्हातारीने खिशातून कात्री काढली, एक टपोरं फूल कापलं आणि आपल्या हाताने पिशवीत ठेवलं. मग आजूबाजूला हात फिरवून खुणेनेच विचारलं, बरोबर कोण आहे?

सासूबाईंची नजर चारुलतावरून तशीच पुढे गेली. त्यांनी एक बोट वर केलं. एकटीच.

चारुलताचे कान तापले. "अहो आई" एवढंच म्हणायचं होतं, तेही शरमेने तोंडातून फुटेना.

"किती गोड बाई आहे, नाही?" फ्राउ ब्रांट म्हणाल्या.

"या," चारुलता कशीबशी जर्मनमध्ये 'हो' म्हणाली.

बसथांब्यापर्यंत सासूबाई दहा पावलं मागूनच आल्या. बस जवळजवळ रिकामी होती. चारुलता खिडकीशी बसली. त्या पिशवी सांभाळत तिच्या सीटपाशी उभ्या राहिल्या.

"तुझ्या ओळखीचं कुणी नाही ना गं बसमध्ये?"

"नाही, आई."

"मग बसू शेजारी?"