अल्तिन्कुम जहाजावरची पाटी

मित्रांनो, कॅस्पियन समुद्र आज जो स्वच्छ आहे, तो केवळ माझ्यामुळे. मी 'अल्तिन्कुम' या मालवाहू जहाजाच्या भटारखान्याबाहेरची एक जुनी पाटी आहे. समुद्र स्वच्छ नाही, हे मला नंतर कळलं.

माझा जन्म कॅस्पियनकाठच्या आक्ताऊ बंदरातल्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. अंग ॲल्युमिनियमचं, कडा बोटभर वर वळवलेल्या आणि पोटावर ठसठशीत कोरलेला कायदा: जहाजावरून समुद्रात प्लास्टिक, राख, चिंध्या, स्वयंपाकाचं तेल टाकण्यास सक्त मनाई. कायदा जगभरचा आहे, त्यामुळे माझ्या बहिणी साऱ्या समुद्रांवर नोकरीला आहेत. मला भिंतीवर लावलं तेव्हा माझा ऊर भरून आला. शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावर खलाशाने स्क्रूंची प्लास्टिकची पुडी माझ्यासमोरच समुद्रात भिरकावली. मी हादरले. तसा तो चांगला माणूस होता.

पुढे लोक माझ्याकडे बघत, ते केस सारखे करायला. मग माझ्यावर काजळी चढली आणि तेही बंद झालं. मागच्या तपासणीत निरीक्षक मिर्झाबेक यांना माझं एकही अक्षर लागलं नाही. त्यांनी कप्तान तोलेगेन आगांना बजावलं, "पुढच्या खेपेला पाटी वाचता आली नाही, तर जहाज बंदरातच राहील आणि तुमचा परवाना माझ्या खिशात." आमच्याकडे थोरल्या पुरुषाला आगा म्हणतात आणि थोरल्या बाईला आपाय. आगांना जहाज चालवण्यापलीकडे काही येत नाही. घरी त्यांना चहासुद्धा करू देत नाहीत.

पुढच्या तपासणीच्या दिवशीच भटारखान्यातला मोठा लाकडी थाळा उभा चिरला. बेशबर्माक, म्हणजे आमचा मटण-कणकेचा मेजवानीचा पदार्थ, सगळ्यांनी एका थाळ्यातून खायचा असतो. पाहुण्याला तो बश्यांत वाढणं म्हणजे दार दाखवणंच. स्वयंपाकीण कुल्याश आपायने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर थांबली. तिने मला उतरवून लख्ख घासलं, स्क्रूंची भोकं कणकेने बुजवली आणि माझ्यावर उकडलेल्या कणकेच्या चकत्या, मटण, कांदा पसरून रस्सा ओतला. वर मेंढ्याचं डोकं ठेवलं. त्याची आणि माझी नजरानजर झाली.

मिर्झाबेक आले. कप्तान त्यांना ऐटीत भिंतीपाशी घेऊन गेले, तर तिथे चार भोकं.

"पाटी?" मिर्झाबेक म्हणाले.

"आहे की." आगांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आधी जेवून घ्या. पाटी कुठे पळतेय?"

सगळे माझ्याभोवती बसले. जरा वेळाने मिर्झाबेक यांचा हात थबकला. कांद्याखालून 'सक्त' बाहेर आलं होतं. त्यांनी एक चकती सरकवली, तर खाली 'मनाई'.

"आपाय, हे काय आहे?"

"थाळा चिरला. मग तुम्हाला बश्यांत वाढू? सासू कबरीतून उठून आली असती माझी."

"अहो, ही कायद्याची पाटी आहे."

"मग वाचा की. सकाळीच घासलीय. मागच्या वेळी तुम्हीच कुरकुरत होतात."

मिर्झाबेक यांनी बोटाने चरबी पुसत मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. इतक्या वर्षांत मला पूर्ण वाचणारा हा पहिला माणूस. पण ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर शेरा मारायची आमच्याकडे पद्धत नाही.

"अक्षर स्वच्छ आहे," मिर्झाबेक म्हणाले. "रस्सा वाढा अजून."

जहाजाला सुटायची परवानगी मिळाली, परवाना वाचला. आपायने मला धुऊन पुन्हा भिंतीवर चढवलं. जेवणातलं उरलेलं पाहुण्याबरोबर घरी पाठवायचं असतं, म्हणून तिने मटण पिशवीत बांधून दिलं. पिशवी प्लास्टिकची होती. मिर्झाबेक शिडीच्या मध्यावर असताना एका समुद्रपक्ष्याने झडप घातली आणि पिशवी पाण्यात गेली. मी पुन्हा हादरले. या वेळी तर कायदाच शिडीवर उभा होता.

परवाना आपल्याच खिशात असल्याने आगांना धीर आला होता. "निरीक्षकसाहेब," ते कठड्यावरून म्हणाले, "ते प्लास्टिक."

मिर्झाबेक यांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"टाकलं नाही मी," ते म्हणाले. "पडलं."

आणि ते बाकीची शिडी उतरले.

मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. आम्हाला घासता तेवढंच मन लावून वाचाही. वाचलं, तर खाली वाकून उचलाही.

पिशवी अजून धक्क्याच्या खांबापाशी तरंगते आहे.