हसऱ्या इसोगाईंचे मेज

दोरीच्या पलीकडे भिंतीशी ठेवलेले जुने, बुटके, लिहिण्याचे मेज म्हणजे मी. मित्रांनो, माझ्यापाशी ‘हात लावू नये’ अशी पाटी आहे. तेव्हा लांबूनच ऐका.

माझा जन्म कामोझाकी बंदरात, तोराकिची सुताराच्या पडवीत झाला. तो एरवी होड्यांची डागडुजी करी. एके दिवशी फुकी नावाची नवी नवरी त्याच्याकडे आली आणि म्हणाली, “आमच्या ह्यांना लिहायला काहीतरी करून द्या हो. माशांच्या खोक्यावर लिहितात. गोष्टींनासुद्धा वास येतो.” सुतार खो खो हसला आणि त्याने होडीतून उरलेल्या देवदाराच्या फळ्या काढल्या.

‘हे’ म्हणजे लेखक इसोगाई. किडकिडीत, खांदे पडलेले. ते स्वतःलाच विदूषक करून गोष्टी लिहीत. देवदाराचे लाकूड मऊ. त्यांच्या डाव्या कोपराचा माझ्यात खळगा पडला. गोष्टी टोकियोच्या मासिकांत छापून येऊ लागल्या. ‘पोट धरून हसलो’ अशी वाचकांची पत्रे येत. पण तशी एखादी ओळ लिहून झाली की ते कपाळ माझ्यावर टेकवून कितीतरी वेळ तसेच राहत. ते फक्त मला ठाऊक होते.

दारू वाढली, झोप उडाली. लग्नाआधी एकदा त्यांनी जीव द्यायचा प्रयत्न केला होता. त्याचीही त्यांनी गोष्ट केली, आणि लोक त्यालाही हसले. घरी पाहुणे आले की ते म्हणत, “यंदाचा हिवाळा काही आपण काढत नाही बुवा. समुद्रात घर बघून ठेवलंय.”

“भाडं किती?” पाहुणे विचारत, आणि एकच हशा पिके. फुकी चहा ओतता ओतता हसे. सगळे हसतात म्हणून त्यांची सात वर्षांची लेक मियोही हसे.

दुसरे महायुद्ध संपून सहा वर्षे झाली होती. डिसेंबरातल्या एका सकाळी इसोगाईंनी शाईच्या बाटलीचे बूच घट्ट लावले आणि बाहीने मला पुसले. दाराशी मियो उभी होती.

“बाबा, कुठं निघालात?”

“घर बघायला.”

ती खुदकन हसली. चौथ्या दिवशी कोळ्यांनी त्यांना घरी आणले.

फुकीला मी डोळ्यांसमोर नकोसे झाले. तिने मला कोठीत ढकलले आणि माझ्यावर मुळ्याच्या लोणच्याची पिंपे ठेवली. त्या खारट पाण्याची वर्तुळे अजून माझ्या अंगावर आहेत. चाळीस वर्षे मी तिथे होते. मग इसोगाईंचे नाव पुन्हा निघाले, गावाने हे स्मृतिघर उभारले, भाषणे झाली, माझे फोटो निघाले. काही वर्षांनी तेही थंडावले. छप्पर गळू लागले. तोगाशी नावाचा राखणदार एकटाच माझ्यावरची धूळ झटकत राही.

आणि एका वर्षी अचानक मुलींची रीघ लागली! टीव्हीवर एक ॲनिमे, म्हणजे कार्टूनची, मालिका सुरू झाली होती. तिच्यात आमच्या इसोगाईंवरून रचलेला, त्यांच्याच नावाचा तरुण होता. रुपेरी केस, पांढरा लांब कोट. तो एक वाक्य बोलला की हिमवादळ उठे. दर भागात तो हसत म्हणे, “मरायला छान दिवस आहे!” आणि मित्र त्याला टपली मारत. त्याचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा माझ्याशेजारी आला.

मियो तेव्हा ऐंशीच्या घरात होती. पुतळा पाहून ती तडक राखणदाराकडे वळली.

“तोगाशी, हे बाहुलं हलवा. माझा बाप मेला, आणि हा त्याची थट्टा करतोय.”

“आजी, याच्याच कृपेनं छप्पर शाकारलं हो. पोरी पुस्तकंही नेतात.”

“मग राहू दे तुमचा राजकुमार. मी मेज घरी नेते. शनिवारी हमाल येतील.”

शनिवारी हमालांची वाट पाहत ती बाकावर बसली होती. तेवढ्यात सतराएक वर्षांची मुलगी एकटीच आली. नाव चिसातो. अंगात घरी शिवलेला पांढरा कोट. तिने पुतळ्याशेजारी फोटो काढला.

“एवढ्या लांबून एकटी?” तोगाशीने विचारले. “परतीची गाडी कितीची?”

“परतीचं तिकीट काढलंच नाही काका. आता समुद्र बघणार. मरायला छान दिवस आहे!” ती हुबेहूब त्या तरुणासारखी हसली. तोगाशीही हसला. दिवसातून दहा वेळा तो हे वाक्य ऐके.

मियो हसली नाही. ती उठली, दोरी उचलून आत आली आणि माझ्यापाशी बसली.

“इकडे ये गं. बस.”

“आजी, ते मालिकेतलं वाक्य आहे.”

“वाक्य कुणाचं ते मला ठाऊक आहे. तुझंही आहे का, ते सांग.”

मुलीचे हसू क्षणभर तसेच राहिले. मग तिने कपाळ माझ्यावर टेकवले आणि ती रडू लागली. इतक्या वर्षांनी कुणीतरी पुन्हा माझ्यावर डोके टेकवले होते. मियोने डबा उघडून भाताचा गोळा तिच्या हातात दिला.

“खा आधी. मग बोल. नाही बोललीस तरी चालेल, पण मी इथून हलत नाही.”

मुलगी थांबत थांबत बरेच बोलली. तोगाशीने तिच्या आईला फोन लावला. दिवस मावळायच्या आत आई आली. ती घरातल्या सपातांवरच धावत आली होती.

हमालांना मियोने परत पाठवले. “मेज राहू दे इथंच,” ती म्हणाली. “तो राजकुमारही राहू दे. त्याचे मित्र निदान त्याला टपली तरी मारतात.” मग तिने माझ्यावर हात ठेवला. “तोगाशी, त्या सकाळी मी दारातच होते. मी हसले.”

“आजी, सात वर्षांच्या होता तुम्ही.”

“हो. पण हसले.”

गेल्या थंडीत मियो गेली. चिसातो पुन्हा इथे आली नाही. ती बरी असावी, एवढीच माझी आशा आहे.

मित्रांनो, माझी निगा तोगाशी राखतो. माझ्यासाठी काही करू नका. पण तुमच्यातले कुणी हसत हसत मरणाचे बोलू लागले, तर टाळी देऊ नका. त्याच्याजवळ बसा, खरे काय ते विचारा, आणि घरच्या मोठ्या माणसाला हाक मारा. इसोगाईंचे कपाळ माझ्यावर टेकलेले असे, तेव्हा मला सगळे समजत होते. पण मी पडले लाकूड. मला विचारता आले नाही.