दोन तासांचा शेक

निपाणीच्या महानंदाअक्का आता बंगळूरच्या चामराजपेटेत राहतात. बाळंतपणं हल्ली दवाखान्यात होत असली, तरी बाळ-बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला या जुन्या सुईणीलाच बोलावणं येतं.

एचएसआर लेआउटमधल्या नीलिमाकडे त्या पोचल्या तेव्हा बाळ बारा दिवसांचं होतं आणि ही बाळंतीण पोरगी वरणाला फोडणी कमी पडली म्हणून रडत होती. फोडणीसाठी कुणी रडतं का हो! अक्कांनी एकदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि ओळखलं, हिला झोप नाही. रात्र बाळाची, आणि दिवसा जरा डोळा लागला की पुण्याहून आलेल्या सासूबाई, कस्तुरीताई, हलवून उठवत. बाळंतीण दिवसा झोपली की अंगात पाणी धरतं म्हणे. काळजीपोटीच, बरं का. पण अक्कांना धडकी भरली. झोपेवाचून भ्रमिष्ट झालेली बाळंतीण त्यांनी पाहिली होती, आणि ती त्यांची सख्खी बहीण होती.

सासूशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून न्हाणं झाल्यावर त्यांनी शेगडीत ओवा टाकला, नीलिमाला पांघरुणात गुंडाळलं आणि जाहीर केलं, आमचा निपाणीचा शेक दोन तासांचा, दार उघडायचं नाही, वारं लागेल. धडधडीत थाप! शेक अर्ध्या तासात उरकतो. शेगडी बाल्कनीत गेली आणि नीलिमा पाच मिनिटांत घोरू लागली.

चौथ्या दिवशी कस्तुरीताईंनी दार ढकललंच. बाल्कनीत गार शेगडी, पलंगावर गाढ झोपलेली सून, अक्कांच्या मांडीवर बाळ. अक्कांना एकच काळजी. उद्यापासून येऊ नका म्हणाल्या, तर या पोरीचं कसं व्हायचं?

कस्तुरीताई पलंगाच्या कडेला टेकल्या. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं झालेलं. पाळी थांबल्यापासून अंगाची लाही होऊन ही बाई रात्रभर हॉलमध्ये येरझाऱ्या घालते, हे अक्कांना नीलिमाकडून कळलं होतं.

"विलासच्या वेळी मला कुणी असा शेक दिला नाही," त्या हळूच म्हणाल्या.

अक्कांचा जीव कळवळला. त्यांनी सुनेशेजारची उशी थोपटली.

"मग तुमचा राहिलाय की, ताई. पडा स्वल्प, घटकाभर."

तासाभराने मीटिंग संपवून विलास आईला शोधत आला. अक्कांनी बाहेर येऊन दार ओढून घेतलं आणि त्याचं लेकरू त्याच्या हातात दिलं.

"आत जाऊ नकोस, बाळा," त्या म्हणाल्या. "दोघींचा शेक चाललाय."