अमेझाया प्रुइटचा रस्ता

अमेझाया प्रुइट लोकसेवेसाठी म्हणून अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या विधिमंडळात गेला. खरं तर बायको वारल्यापासून जंगलातल्या त्याच्या मक्याच्या शेतावर बोलायला फक्त डुकरं उरली होती, आणि रस्ता झाला तर माणसं येतील, अशी त्याला आशा होती. भांडभांडून त्याने रस्ता मंजूर करून घेतला. झाडं तुटली, रस्ता झाला.

अमेझाया घरी परतला. आठवड्याभरानं पाहतो तर जंगलापलीकडचा त्याचा एकमेव शेजारी हायरम गाडीला बैल जुंपत होता.

“कुठं रे निघालास?”

“पश्चिमेला. झाडं गेली, आता तुझ्या चुलीचा धूर माझ्या दारातनं दिसतो. फार गर्दी झाली बुवा, आमदारसाहेब!”

“अरे, मी यापुढे चूल पेटवणार नाही. थांब.”

हायरम हसला आणि त्याने बैल हाकले.

नव्या रस्त्यावरून गेलेली ती पहिली गाडी.